शनिवार आला की गाडी मेलेली! जंप नीट कसा द्यायचा आणि बॅटरी परत परत का उतरते

रविवारी रात्री गाडी बेसमेंटला लावली, आठवडाभर हात लावला नाही, शनिवारी सकाळी मंडईत जायला म्हणून खाली गेलो तर रिमोटने दरवाजाच उघडेना. चावी घालून उघडला, सेल्फ मारला तर नुसतं टिकटिकटिकटिक, डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकले आणि गप्प. म्हटलं ठीक आहे, सहा वर्षांची बॅटरी, गेली असेल. शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीची बॅटरी केबलने माझ्या बॅटरीला जोडून जंप दिला, गाडी चालू झाली, पुढच्या शनिवारी परत तेच. मग मी शहाण्यासारखी नवी बॅटरी टाकली, साडेचार हजार गेले, आणि बरोब्बर दोन आठवड्यांनी नव्या बॅटरीवर पण तेच टिकटिकटिक.

त्या दोन-अडीच महिन्यांत मी पाच वेळा जंप घेतला, एकदा चुकीचा घेतला, एकदा चुकता चुकता वाचलो, आणि शेवटी कारण सापडलं ते बॅटरीत नव्हतंच. माझी गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, ३५ एएचची बॅटरी (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). तुमची डिझेल किंवा ऑटोमॅटिक असेल तर थोडा फरक पडतो, तो येईल तिथे सांगतो.

आधी ती खरंच बॅटरी आहे का ते बघा. चावी फिरवल्यावर भराभर टिकटिक आणि दिवे मंद होत जाणं म्हणजे बॅटरी उतरली, यात फारसा वाद नाही. एकच जाड 'टक' आवाज, दिवे झगझगीत, आणि पुढे काही नाही, तर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) किंवा टर्मिनलकडे (बॅटरीवर वायर जोडायच्या जागा) बघा. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे, पेट्रोल किंवा स्पार्कचं काहीतरी आहे आणि जंप देऊन शून्य फायदा. आणि अगदी काहीच नाही, दिवासुद्धा नाही, तर जंपर केबल शोधायच्या आधी बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा. पावसाळ्यात टर्मिनलवर पांढरं-हिरवं पीठ धरतं, वरून घट्ट दिसतं आणि आत करंट जात नाही. वायर काढून गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ब्रशने घासायचं, कोरडं करायचं, परत घट्ट करायचं, वरून व्हॅसलीनचा हात फिरवायचा. वायर काढताना आधी काळी (मायनसची) काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं छोटं यंत्र) घ्या, खरंच घ्या, मी पहिल्याच दिवशी घेतला असता तर साडेचार हजार वाचले असते. गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की सेल्फ मारायची आशा सोडायची. माझ्याकडे त्या सकाळी १०.९ होते. मीटर लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, फिरताना आकडा साडेनऊच्या खाली आपटला तर बॅटरी एकतर उतरलीय नाहीतर म्हातारी झालीय.

आता जंप. काका म्हणाले, त्यात काय एवढं, लालला लाल काळ्याला काळी, दोन मिनिटांचं काम. बऱ्याचदा तसं करूनही काही वाईट होत नाही म्हणूनच लोक तसं करतात. पण ज्या बॅटरीत जोरात करंट शिरतो तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि हवेत चार-पाच टक्के जरी झाला तरी एक ठिणगी पुरते. आणि केबलचा शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडतेच उडते. म्हणजे सगळा खेळ एवढाच की ती शेवटची ठिणगी बॅटरीच्या डोक्यावर उडवायची नाही. एवढं लक्षात राहिलं तर क्रम पाठ करायची गरजच नाही.

सुरुवात करायच्या आधी उतरलेल्या बॅटरीकडे नीट बघा. फुगलीय, तडा गेलाय, ॲसिड ओघळलंय, सडक्या अंड्यासारखा वास येतोय, यातलं काही दिसलं तर हातच लावायचा नाही, सरळ बॅटरीवाल्याला बोलवा. (माझा मावसभाऊ कॅनडात असतो, त्याच्याकडे अजून एक प्रकार, पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ होतं आणि थंडीत ते चक्क गोठतं, गोठलेल्या बॅटरीला जंप द्यायचा नसतो. आपल्याकडे उलटं, आपल्या बॅटऱ्या उन्हाने मरतात, विदर्भातल्यांना विचारा.) हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. गळ्यातली लांब चेन, मंगळसूत्र आत खोचून घ्या, वाकल्यावर ते बरोब्बर बॅटरीवर लोंबतं आणि पाना नाहीतर सोनं दोन टर्मिनलच्या मध्ये आलं की ते क्षणात तापतं आणि कातडी भाजते. चष्मा असेल तर घाला. चुकून ॲसिड डोळ्यात गेलंच तर साधं पाणी, पंधरा-वीस मिनिटं सतत, आणि मग डॉक्टर, आधी फोनवर शोधत बसू नका.

दोन्ही गाड्या जवळ आणा पण एकमेकींना टेकवू नका. दोन्ही बंद, हँडब्रेक वर, गिअर न्यूट्रल, ऑटोमॅटिक असेल तर पी. एसी, हेडलाईट, म्युझिक, मोबाईलचा चार्जर सगळं बंद. बॅटरीवर प्लस-मायनसची खूण स्वतः बघा, वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, आधीच्या मेकॅनिकने प्लसला काळी टेप गुंडाळलेली गाडी मी पाहिलीय. उलटं लागलं तर फ्युज, अल्टरनेटरचे (गाडी चालू असताना बॅटरी भरणारा डायनॅमो) डायोड आणि नशीब फार खराब असेल तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), आणि तेसुद्धा दोन्ही गाड्यांचे.

लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला लावायचं नाही, तर त्या गाडीच्या इंजिनवरच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या जाड लोखंडाला, बॅटरीपासून शक्य तेवढं लांब. इंजिन उचलायचा हूक असतो तो मस्त. गाडीची सगळी बॉडी मायनसच असते त्यामुळे करंट तिथूनही तेवढाच जातो, फक्त ठिणगी लांब उडते. लाल आधी का, तर काळी आधी लावली की दोन्ही गाड्यांची बॉडी जोडली गेली, मग हातातला जिवंत लाल चिमटा बॉनेटच्या कडेला जरी टेकला तरी फटाका. नवीन स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाड्यांत मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्यांना तर काळा चिमटा बॉडीलाच लावायचा असतो. काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते आणि बॉनेटखाली जंपसाठी वेगळा लाल टोपणवाला पॉइंट दिलेला असतो, तो वापरा.

मग चांगली गाडी चालू करा आणि पाच मिनिटं शांत बसा. इथे सगळ्यांची घाई होते. पूर्ण मेलेल्या बॅटरीला ही पाच मिनिटं थोडी भरू द्यायची असतात, म्हणजे सेल्फ मारताना सगळा भार शेजाऱ्याच्या बॅटरीवर पडत नाही. डिझेल गाडी असेल तर दहा मिनिटं द्या, डिझेलला फिरवायला ताकद जास्त लागते, आणि छोट्या पेट्रोल गाडीवरून मोठ्या डिझेलला जंप देताना तर थांबलंच पाहिजे. मग सेल्फ, पाच सेकंदांच्या वर नाही, नाही घेतला तर मिनिटभर थांबून परत. तीन-चारदा नाही झालं तर चिमटे फिरवून बसवा, टर्मिनलवर गंज असला तर नुसता टोकावर धरलेला चिमटा काहीच करत नाही.

चालू झाली की लगेच केबल ओढू नका. चालू झालेल्या गाडीचा ब्लोअर लावा, दोन मिनिटं थांबा, मग उलट्या क्रमाने काढा, म्हणजे जो काळा चिमटा शेवटी लावला तो सगळ्यात आधी. ब्लोअर का, तर केबल सुटताना व्होल्टेज उसळतं आणि ते कुठेतरी खर्च व्हायला हवं. जुने मेकॅनिक अल्टरनेटर तपासायला चालू गाडीची बॅटरीची वायरच काढतात, 'डायनॅमो चांगला असेल तर गाडी बंद पडणार नाही' म्हणून. पूर्वीच्या गाड्यांना चालायचं, आताच्या गाडीत असं कोणी करायला लागलं तर हात धरा त्याचा, ईसीएम उडतो. अल्टरनेटर बघायचा तर मल्टीमीटर लावा, गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ आले म्हणजे चार्जिंग बरोबर. १२.३ वरच अडकलाय तर गाडी बॅटरीवरच चाललीय, घरी पोचेपर्यंत बंद पडणार. १५ च्या वर जातोय तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय आणि बॅटरी उकळतेय. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला हा आकडा स्वतःच कमीजास्त करतात, त्यामुळे एकदाच बघून निष्कर्ष नको.

माझ्या दोन चुकांपैकी पहिली केबलची. रस्त्यावरच्या दुकानातून चारशे रुपयांची घेतली, पाकिटावर मोठ्ठं ५०० अँपिअर लिहिलेलं, रबर बोटाएवढं जाड. सेल्फ मारल्यावर गाडी नुसती हुंकारली आणि केबल हाताला चटका बसेल एवढी गरम. कापून बघितली तर आत जाड रबराच्या पोटात केसाएवढी तार, ती पण ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा. केबल घेताना अँपिअर वाचू नका, तांब्याची जाडी विचारा, छोट्या पेट्रोलला किमान १६ स्क्वेअर एमएम, डिझेलला २५. हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे.

दुसरी चूक मी केलीच नाही पण करता करता राहिलो. खंबाटकी घाटाच्या अलीकडे ढाब्यावर बंद पडली तेव्हा एक ट्रकवाला भला माणूस म्हणाला, साहेब माझ्यावरून घ्या. ट्रकला १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, म्हणजे २४ व्होल्ट. तो करंट कारमध्ये गेला तर सगळी इलेक्ट्रॉनिक्स कायमची शांत. जाणकार माणूस त्यातल्या एकाच बॅटरीवरून देतो वगैरे सगळं खरं, पण अंधारात ढाब्यावर ते शोधत बसायला मी तयार नव्हतो. ट्रॅक्टर, टेम्पो असेल तर आधी त्याच्या बॅटरीवर मीटर लावा, १२ च्या घरात असेल तरच. हायब्रिड गाडीवरून दुसऱ्या गाडीला जंप देऊ नका असं काहींच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, इलेक्ट्रिकवरून पण नको, त्यांची १२ व्होल्टची बॅटरी छोटी असते आणि सेल्फच्या करंटसाठी बनलेलीच नसते.

धक्का स्टार्ट? मॅन्युअल असेल तर चालतं, चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकलत न्यायची, दहाच्या स्पीडला क्लच सोडायचा आणि लगेच दाबायचा. पण बॅटरी पार शून्य असेल तर फ्युएल पंप आणि ईसीएमलाच करंट नाही, मग घाम गाळून उपयोग नाही. आणि इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड, म्हणून बेसमेंटच्या उतारावर हा प्रयोग नको, आमच्या सोसायटीत एकाने खांबाला ठोकलीय. ऑटोमॅटिकला धक्का नाहीच.

जंप झाल्यावर अर्धा तास चालवली की झालं, असं सगळे सांगतात. नाही झालं. अर्ध्या तासात पुढचा सेल्फ निघेल एवढं भरतं, पूर्ण उतरलेली ३५ एएचची बॅटरी भरत नाही, त्यातून सिग्नलला थांबत, एसी लावून, हेडलाईट लावून गेलात तर अजून कमी. बॅटरीवाल्याकडे काढून द्या, साडेतीन-चार अँपिअरने रात्रभर लावली की भरते. घरी चार्जर असेल तर उत्तम, पण हवेशीर जागी. आणि हो, जुन्या पद्धतीची बॅटरी असेल तर झाकणं उघडून पाणी बघा, डिस्टिल्डच टाकायचं, बिसलेरी नाही, आरओचं नाही.

आता मुद्द्यावर येतो, एवढं सगळं करून परत का उतरते. रात्री बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा, व्होल्टेज मोजून लिहा, दोन दिवसांनी परत मोजा. वायर काढलेली असतानाही आकडा खाली गेला तर बॅटरीच खराब. आकडा तसाच राहिला तर बॅटरी चांगली आहे आणि गाडीतलं काहीतरी रात्रभर पितंय. (घड्याळ, काचांचं ऑटो सेटिंग उडेल, आणि म्युझिक सिस्टीमला कोड असेल तर आधी शोधून ठेवा.) माझ्याकडे १२.५ चे १२.५ राहिले. म्हणजे जुनी बॅटरी पण कदाचित ठीकच होती, असो.

मग चोर शोधायचा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, १० नंबरच्या पान्याने मायनस वायर सोडवायची, मीटरचं एक टोक वायरला आणि एक बॅटरीच्या मायनसला, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जातो. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्युज नाहीतर अख्खा मीटरच जातो. दरवाजे बंद, फ्युज बॉक्सच्या बाजूचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने आत ढकलून बंद करायचं, नाहीतर आतला दिवा चालू राहतो आणि तुम्ही त्यालाच चोर समजता. चावी घरात ठेवा. आणि अर्धा तास थांबा, गाडीतले कॉम्प्युटर हळूहळू झोपतात, सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसले तरी घाबरायचं नाही. शेवटी ०.०२ ते ०.०५ वर आलं पाहिजे. माझा आकडा ०.२४ वर येऊन बसला आणि हलेना.

०.२४ दिसायला काहीच नाही. पण चोवीस तासांनी गुणा, दिवसाला पावणेसहा एएच. रविवार रात्र ते शनिवार सकाळ साडेपाच दिवस, एकतीस-बत्तीस एएच. बॅटरी ३५ ची. माझा शनिवार असा ठरलेला होता. डिकीतला पाच वॅटचा दिवा जरी जळत राहिला तरी तो याच्या जवळजवळ दुप्पट पितो, साडेतीन दिवसांत काम खल्लास, म्हणून आधी डिकी बंद करून आत मोबाईलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि दिवा विझतो का बघा, हसू नका, हे फार जणांचं निघतं.

मग एकेक फ्युज काढत मीटर बघत बसलो. हॉर्न, नाही. आतले दिवे, नाही. ऑडिओचा फ्युज काढला आणि ०.२४ चा ०.०२ झाला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत टचस्क्रीन बसवून घेतली होती. स्टिरिओला दोन प्लस वायर असतात, पिवळी कायम चालू, मेमरीसाठी, आणि लाल जी चावी फिरवल्यावरच जिवंत व्हायला हवी. ॲक्सेसरीवाल्याने दोन्ही एकत्र पिळून कायमच्या करंटला जोडून टेप मारली होती. पडदा बंद दिसायचा पण आत मशीन जागं. दोन वर्षं कळलं नाही कारण रोज ऑफिसला गाडी जायची, जेवढं पिऊन टाकायचं तेवढं भरलं जायचं. घरून काम सुरू झालं, गाडी आठवडाभर उभी राहायला लागली, आणि मी दोष बॅटरीला दिला. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, मागचा कॅमेरा, फुट लाईट, बाहेरून बसवलेलं काहीही असेल तर आधी तिथेच बघा, कंपनीची वायरिंग सहसा शेवटी येते.

लाल वायर सोडवून ॲक्सेसरी लाईनला (चावी फिरवल्यावरच चालू होणारी) जोडली, वीस मिनिटांचं काम. आता रविवार ते शनिवार उभी राहून १२.५ दाखवते. नव्या बॅटरीला मात्र पार शून्यापर्यंत उतरण्याचा मार बसलाय, रात्रभर चार्ज करूनसुद्धा ती १२.६ ला पोचत नाही, लेड ॲसिडला असं रिकामं होणं अजिबात मानवत नाही. केबल, १६ स्क्वेअर एमएमची, खरी तांब्याची, डिकीत असायला हवी, पण मागच्या आठवड्यात काकांची गाडी बसली आणि ते घेऊन गेले, अजून आणून दिली नाहीये.